रोजच्या गाडीला मॅगव्हील आणि लोअरिंग स्प्रिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी २०१९ची स्विफ्ट व्हीएक्सआय. रोज सिंहगड रोड ते हिंजवडी आणि परत, महिन्यातून एखादा घाट, आणि गणपतीला पाच माणसं व सामान भरून कोकण. या गाडीवर मी आधी एक मोठी चूक केली, ती निस्तरली आणि आता मनासारखी गाडी चालवतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसात, लग्नकार्यात भेटणारी मुलं जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मॅगव्हील म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची रिम, आणि लोअरिंग स्प्रिंग म्हणजे गाडी खाली बसवणारी आखूड स्प्रिंग. आकडे स्विफ्टचे आहेत, पण हिशोबाची रीत कुठल्याही छोट्या गाडीला चालेल.

आधी काय बदलू? मॅगव्हील की स्प्रिंग?

आधी टायर. रस्त्याला टेकतो तो फक्त टायर, आणि एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढाच असतो. कंपनीने दिलेले टायर बहुतेक वेळा मायलेज आणि किंमत डोळ्यासमोर ठेवून निवडलेले असतात. चांगल्या पकडीचे चार टायर घातले की ब्रेक, वळण, पावसातला धीर, सगळंच बदलतं. त्यानंतर मॅगव्हील, आणि सर्वात शेवटी स्प्रिंग. पैसे एका टप्प्यावर संपले तरी हरकत नाही, कारण या क्रमाने गेलात तर प्रत्येक टप्प्यावर गाडी आधीपेक्षा चांगलीच झालेली असते.

किती इंचापर्यंत जावं?

रोजच्या गाडीला मूळ मापापेक्षा एक इंच, फार तर दोन. रिम मोठी झाली तरी टायरसकट चाकाचा पूर्ण व्यास मूळच्या जवळच राहिला पाहिजे. मोजायला सोपं आहे. टायरची रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची. ती दुप्पट करायची आणि त्यात रिमचा व्यास मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो, म्हणजे रुंदी १६५ मिमी, टक्केवारी ८० आणि रिम १४ इंच; त्याचा व्यास ६१९.६ मिमी. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो, तो ६२१.५ मिमी. १९५/५५ आर १६ घेतला तर ६२०.९ मिमी आणि २०५/४५ आर १७ घेतला तर ६१६.३ मिमी. म्हणजे व्यासाच्या दृष्टीने चारही बसतात. फरक पडतो तो भिंतीत: १४ इंचाच्या टायरची भिंत १३२ मिमी असते, १७ इंचाच्या टायरची ९२ मिमी. खड्डा झेलणारी हवा आणि रबर यातच असतं. जवळजवळ चार सेंटिमीटर गादी काढून टाकून तुम्ही रस्त्यावर उतरता.

१७ इंच फोटोत सुंदर दिसतात, मला आजही दिसतात. पण मी ते सात महिने वापरले आणि कात्रजच्या बाजूला पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढच्या डाव्या टायरला फुगा आला, रिमही वाकली. भिंतीला आलेला फुगा दुरुस्त होत नाही. आतले धागे तुटलेले असतात आणि तो टायर कधीही फुटू शकतो. आज माझ्या गाडीवर १५ इंच आहेत. पुण्या-मुंबईत रोज चालवणाऱ्याला मी १५ किंवा १६च सांगेन.

टायरवरचा ८५, ८८ हा आकडा काय असतो?

तो टायर किती भार उचलू शकतो याचा आकडा आहे. ८४ म्हणजे ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. माझ्या मूळ टायरवर ८५ होता. २०५/४५ आर १७ साध्या बांधणीत ८४चा मिळतो आणि जादा भारासाठीच्या बांधणीत ८८चा. साधा घेतला तर दिसायला दणकट आणि उचलायला मूळ टायरपेक्षा कमी, असा उलटा व्यवहार होतो. मूळ आकड्यापेक्षा खाली जाऊ नका. जादा बांधणीच्या टायरला बहुतेकदा हवाही थोडी जास्त लागते, म्हणून दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा जसाच्या तसा न घेता टायरवाल्याकडून त्या मापासाठीचा आकडा विचारून घ्या.

ऑफसेट म्हणजे काय? दुकानदार म्हणतो, "बसेल हो, काळजी नको."

नटबोल्ट बरोबर बसले म्हणजे चाक बसलं असं नाही. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्याला, टेकणारी बाजू किती बाहेरच्या अंगाला आहे, तो ऑफसेट. रिमवर तो ईटी असा कोरलेला असतो. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत जातं. आकडा कमी झाला की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावायला लागतं.

समजा मूळ रिम ६ इंच रुंद, ईटी ४५, आणि नवी ७ इंच रुंद, ईटी ३८. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट ७ने घटला म्हणून बाहेरच्या बाजूला ते ७ मिळवायचे आणि आतल्या बाजूला वजा करायचे. चाक बाहेर १९.७ मिमी आलं आणि आत ५.७ मिमी गेलं. दोन सेंटिमीटर बाहेर आलेलं चाक मागे दोन माणसं बसल्यावर मडगार्डच्या कडेला घासतं, चिखल थेट दरवाजावर उडवतं आणि व्हील बेअरिंगवर जादा ताण टाकतं. हा हिशोब दुकानात उभं राहून मोबाइलवर दोन मिनिटांत होतो. रिम काढून उलटी करा, आकडा वाचा आणि मगच पैसे द्या.

चार नटांचं चाक आहे, मग कुठलंही चार नटांचं बसेल ना?

नाही. स्विफ्टला ४ गुणिले १०० लागतं, म्हणजे चार बोल्ट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. पोलोला ५ गुणिले १०० लागतं. होंडा सिटीला ४ गुणिले १०० चालतं, पण तिथे मधलं भोक वेगळं असतं. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमी, सिटीचा ५६.१, पोलोचा ५७.१. बाजारातल्या मॅगव्हीलचं मधलं भोक अनेकदा ७३.१ मिमी असतं, म्हणजे सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं. मधल्या फटीत हबरिंग नावाची कडी घालावी लागते. ती नसली तर चाक एखाद्या केसाने का होईना मध्यापासून सरकतं आणि ८० ते १००च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग माणूस चार वेळा बॅलन्सिंग करतो आणि दोष सापडतच नाही.

नटांचंही तसंच. स्विफ्टला १२ मिमीचा, १.२५ मिमी अंतराच्या आट्यांचा नट लागतो, तर होंडाला १.५चा. नटाचं टोक शंकूसारखं आहे की गोल, हेही रिमच्या खोबणीशी जुळलं पाहिजे. न जुळणारा नट घट्ट वाटतो आणि चार दिवसांनी ढिला होतो. नवीन चाकं घातल्यावर ८०-१०० किलोमीटर चालवून टॉर्कच्या पान्ह्याने नट पुन्हा तपासा. किती घट्ट करायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो.

स्वस्त आणि महाग मॅगव्हीलमध्ये खरा फरक काय?

वजन आणि सहनशक्ती. साध्या ओतीव रिममध्ये वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओततात, आणि मजबुतीसाठी धातू जाड ठेवावा लागतो. फ्लो फॉर्म्ड रिममध्ये ओतलेल्या रिमची कड गरम असताना रोलरखाली दाबून ताणतात, त्यामुळे ती पातळ असूनही चिवट होते. फोर्ज्ड म्हणजे धातूचा गोळाच दाबून घडवलेला, सर्वात हलका आणि सर्वात महाग.

मी तिन्ही चाकं टायरसकट ओळखीच्या किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर ठेवली होती. मूळ १४ इंची लोखंडी चाक १३ किलो ८००. स्वस्त १७ इंची ओतीव १८ किलो ३००. आताचं १५ इंची १४ किलो २००. तो १७चा आकडा बघून मी तिथेच थबकलो. प्रत्येक कोपऱ्यात साडेचार किलो जास्त, आणि तेही स्प्रिंगच्या खाली, जिथलं वजन शॉकअपला प्रत्येक खड्ड्यात आवरावं लागतं. पिकअप मंद का झाला, पहिल्या गिअरमध्ये गाडी जड का वाटते, ब्रेक आधीसारखे का लागत नाहीत, या तिन्हींचं उत्तर त्या काट्यावर होतं.

आयएसआयची खूण पाहूनच घ्या. मोटारीच्या हलक्या धातूच्या रिमसाठी आयएस १६१९२चा दुसरा भाग लागू होतो. जपानी बनावटीवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशा खुणा असतात. काहीच कोरलेलं नसलेली आणि प्रसिद्ध डिझाइनची हुबेहूब नक्कल असलेली रिम कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. वेल्डिंग करून दुरुस्त केलेली तडकलेली रिमही नको.

आता स्प्रिंग. गाडी किती खाली घ्यावी?

रोजच्या गाडीला १५ ते २५ मिमी. यापुढे मी कुणालाही जा म्हणणार नाही.

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. २५ कमी केले की १३८ उरले, तेही रिकाम्या गाडीचे. पाच माणसं आणि डिकी भरली की मागचं अंग आणखी खाली बसतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेत गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. तसा असेल तर खाली घेतलेली गाडीही आरामात जाते. आपल्या गल्लीत मात्र हातभर रुंदीचे आणि वीतभर उंचीचे उंचवटे रातोरात उगवतात, आणि गाडीचं इंजिनखालचं तेलाचं चेंबर त्यांच्यावरच आपटतं.

दुसरी गोष्ट कमी लोक सांगतात. स्विफ्टसारख्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी, असतो. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, हे बरोबर. पण लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलल्यामुळे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो रोल सेंटर त्याहूनही जास्त खाली जातो. थोडं खाली घेतलं तर जाड स्प्रिंग ती कसर भरून काढते. फार खाली घेतलं तर गाडी वळणात उलट जास्त झुकायला बघते आणि बंप स्टॉपरवर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरावर, जाऊन बसते. "खाली तितकी चांगली" हे म्हणूनच खोटं आहे.

माझी मोठी चूक हीच. एका गॅरेजने ४० मिमी खाली घेऊन दिली, मूळ शॉकअप तसेच ठेवून. पहिल्या आठवड्यात रस्त्याच्या प्रत्येक जोडावर धप्प असा आवाज. पुढचा टायर काढून वाकून पाहिलं तर रबरी बंप स्टॉपर चुरगळून त्याची पिवळट भुकटी शॉकअपच्या दांड्यावर चिकटली होती. चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती, सगळे धक्के ते रबर खात होतं. आई मागे बसली होती तेव्हा नवले पुलाच्या आसपास एका खड्ड्यात ती कळवळली. तिच्या कमरेचा त्रास मला माहीत होता. दुसऱ्या दिवशी मी जुन्या स्प्रिंग परत घातल्या.

मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापला तर? खर्च वाचतो.

कृपा करून करू नका. कापलेली स्प्रिंग नीट बसत नाही, कारण तिचं टोक खालच्या कपाच्या आकाराचं राहत नाही. चाक पूर्ण खाली लोंबलं, म्हणजे गाडी जॅकवर उचलली किंवा मोठ्या उंचवट्यावरून उडाली, की ती जागेवरून निसटू शकते. वेढे कमी झाल्याने ती थोडी कडक होते, पण चाकाला वरखाली व्हायची जितकी जागा कमी झाली त्या मानाने पुरेशी नाही. गॅसने तापवून बसवणं तर त्याहून वाईट. तापवल्याने पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, आणि ती स्प्रिंग एक दिवस बसते किंवा तुटते. भरधाव गाडीत पुढची स्प्रिंग तुटून टायरमध्ये घुसली तर काय होईल याचा विचार करा.

स्प्रिंग बदलल्यावर शॉकअपही बदलायला हवेत का?

२० मिमीपर्यंत आणि शॉकअप नवेकोरे असतील तर मूळचे चालतात. ५०-६० हजार किलोमीटर झालेले असतील तर दोन्ही एकदम बदला. स्प्रिंग गाडीला उसळवते, शॉकअप ती उसळी आवरतो. जास्त ताकदीची स्प्रिंग आणि दमलेला शॉकअप अशी जोडी जमली की एक्सप्रेसवेवर पुलाच्या जोडावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते. बाजारात आयबाख, एच अँड आर, कोब्रा अशा नावांच्या स्प्रिंग विकल्या जातात. नाव कुठलंही घ्या, पण तुमच्याच गाडीच्या, तुमच्याच इंजिनच्या पार्ट नंबरची घ्या. डिझेल आणि पेट्रोलच्या पुढच्या वजनात बराच फरक असतो.

फिटिंगच्या वेळी स्वतः काय बघावं?

शेजारी उभे राहा. स्प्रिंग दाबायला दोन्ही बाजूंनी धरणारा नीट कॉम्प्रेसर हवा. दोरीने किंवा जुगाडाने दाबत असतील तर थांबवा, सुटलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. स्ट्रटच्या वरचा माउंट आणि बेअरिंग, बंप स्टॉपर, धूळ अडवणारं रबर, लिंक रॉड हे सगळं उघडलेलंच असतं, खराब असेल तर तेव्हाच बदला. मजुरी एकदाच लागते.

आणि एक बारीक गोष्ट, जी दहांतले नऊ मेकॅनिक करत नाहीत. लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर आवळायचे. हवेत आवळले तर गाडी खाली येताच बुशचं रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मी माझ्या मेकॅनिककाकांना हे भीतभीतच सांगितलं होतं. त्यांनी हातातला पान्हा थांबवला, म्हणाले, "बरोबर बोललास, रॅम्पवर घे." तेव्हापासून मी दुसरीकडे गेलो नाही.

उंची मोजताना जमिनीपासून नको, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. टायरची हवा कमीजास्त असली तरी हा आकडा बदलत नाही. आधीचा आणि नंतरचा, चारही चाकांचा आकडा वहीत लिहून ठेवा.

अलाइनमेंट किती वेळा?

दोनदा. एकदा लगेच, आणि एकदा ५०० ते १००० किलोमीटर झाल्यावर, कारण स्प्रिंग थोडी बसते. गाडी खाली आली की पुढचा टो, म्हणजे वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, हमखास बदलतो, आणि टायर झिजवतो तो मुख्यतः टोच. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा, असल्याने तिथला कोन सहज बदलता येत नाही, पण छापील कागदावर मागचे आकडे बघाच. एक बाजू फार वेगळी दिसली तर बीम आधीच वाकलेला असू शकतो. हेडलाइटचा झोतही समोरच्या भिंतीवर तपासून घ्या.

सगळे बसल्यावर चाक घासेल का, हे आधी कसं कळेल?

भिजवलेल्या कणकेने. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि प्लास्टिकच्या अस्तरावर, जिथे घासेल असं वाटतं तिथे, बोटाएवढ्या जाडीचे कणकेचे गोळे चिकटवा. मागे तीन मोठी माणसं बसवा, डिकीत वजन ठेवा, आणि सोसायटीच्या रॅम्पवरून दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग फिरवत हळू जा. नंतर गोळे बघा. जिथे टायरच्या खोबणीची नक्षी उमटली तिथे घासतं. मी गणपतीला निघण्याआधी ही परीक्षा घेतो, कारण रिकाम्या गाडीत न घासणारं चाक पाच माणसं, सामान आणि वाटेवरच्या खड्ड्यांत घासतं. एवढ्या लांब आल्यावर ते कळून काय उपयोग?

पावसाळ्यात रुंद टायर धोक्याचे असतात का?

रुंद आणि झिजलेले असतील तर हो. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. कायद्याने मोटारीच्या टायरला १.६ मिमी खोबण चालते, मी ३ मिमीला बदलतो. मूळ मापापेक्षा फार रुंद जाऊ नका.

पोलीस किंवा आरटीओ अडवतील का?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या कागदावरचे तपशील निर्मात्याने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. शिवाय कलम १८२अ खाली, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून सर्वात बिनघोर मार्ग म्हणजे त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी देते ते माप. व्हीएक्सआयला १८५/६५ आर १५ घालणं हे त्यातलंच. मडगार्डबाहेर आलेली चाकं आणि जमिनीला टेकलेली गाडी मात्र थेट नजरेत भरते. स्प्रिंगबद्दल मन साशंक असेल तर आरटीओत लेखी विचारा.

विमा आणि वॉरंटी?

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो. नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायर फुटला तर पैसे मिळत नाहीत. गाडीचंही नुकसान झालेलं असेल तरच, तेही निम्मे, हे लक्षात ठेवा. वॉरंटीत सस्पेन्शनचे दावे नाकारले जाण्याची तयारी ठेवा.

स्टेपनीचं काय?

मूळ लोखंडी १४ इंची स्टेपनी चालते, कारण व्यास जवळजवळ सारखाच आहे. घरी किंवा पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला पुरते, वेग बेताचा ठेवा. पण मॅगव्हीलचे नट लोखंडी चाकाला नीट बसतीलच असं नाही. म्हणून मूळ नटांपैकी चार एका पिशवीत जॅकसोबत ठेवा. मॅगव्हीलला कुलपाचे नट लावले असतील तर त्याची चावीही तिथेच. ताम्हिणीत रात्री एका कुटुंबाला या चावीपायी तीन तास थांबलेलं मी पाहिलं आहे. लहान मूल मागच्या सीटवर रडत होतं आणि चावी पुण्यात घरी होती.

जुन्या स्प्रिंग आणि चाकं विकून टाकू का?

नको. स्प्रिंग पुसून, तेलाचा हात फिरवून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि प्रत्येकीवर पुढची-मागची, डावी-उजवी अशी चिठ्ठी बांधा. गाडी विकताना बहुतेक घेणारे मूळ अवस्थेतली गाडी मागतात. चाकं आडवी, एकावर एक, हवा थोडी कमी करून, उन्हापासून दूर. माझ्या चारही लोखंडी चाकांवर अजून खडूने लिहिलेली तारीख आहे. नव्या स्प्रिंग बसवल्या त्या दिवसाची.